सीटखालची दोन भोकं

लोहाऱ्याच्या स्टँडजवळ महांतप्पा मिस्त्रीचं बॅटरीचं दुकान आहे. त्या दुकानात उभा राहून बिडी ओढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कुणी नुसता खिशात हात घातला तरी म्हातारा टुणकन उठतो आणि काडेपेटी निघायच्या आत गिऱ्हाइकाला दंडाला धरून पार रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेऊन सोडतो. "हितं वढा काय वढायची ती. आन् नीट इझवून या." गिऱ्हाईक हसतं. हसू दे की! भित्रा मिस्त्री म्हणून त्याचं नाव सगळ्या तालुक्यात झालंय आणि त्याला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. भिणारा मिस्त्री संध्याकाळी दोन्ही डोळ्यांनिशी घरी जातो, असं त्याचं म्हणणं.

घर माकणीत, भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं. भूकंप बघितलेल्या माणसांनी डोक्यावर जड काही ठेवायचं सोडलं ते सोडलंच, पण महांतप्पानं ती गोष्ट जरा जास्तच मनावर घेतली. त्याच्या घरात छताला पंखासुद्धा नाही. टांगलेली वस्तू म्हणजे आज ना उद्या खाली येणारी वस्तू, असा त्याचा हिशेब. पंखा जमिनीवर, देव जमिनीवर, डबे जमिनीवर. त्याची बायको शांताक्का म्हणायची, "लगीन झाल्यापासनं ह्या माणसाचं काळीज वटीत घिऊन फिरतीय म्या. आता मलाच वज्झं झालंय."

पण भूकंपाच्या कितीतरी आधी त्याच्या मनात भीती बसवली ती उस्ताद गफारनं.

गफार उस्ताद हैदराबादेत बॅटरीचं काम शिकून आलेला. लोहाऱ्यात त्यानं पत्र्याच्या शेडमध्ये दुकान टाकलं आणि महांतप्पा तिथं शिकायला राहिला. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, एसटीच्या बॅटऱ्या यायच्या. प्लेटा बदलायच्या, ॲसिड भरायचं, डिस्टिल वॉटर टाकायचं, काचेच्या नळीनं ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा, बघायची आणि चार्जला लावायचं. चार्जला लावताना उस्तादाचा एकच कायदा होता. प्रत्येक सेलचं झाकण उघडं पाहिजे. आत गॅस होतो, तो बाहेर गेला पाहिजे. "देख रे महांत," उस्ताद म्हणायचा, "बंद डब्बा यानी बम. डब्बे कू सांस लेने दे."

एक दिवस कुठल्या तरी ट्रकवाल्यानं घाई केली. उस्ताद नमाजाला गेला होता तेवढ्यात त्यानं आपल्या हातानं झाकणं आवळली, बॅटरी उचलायला वाकला, मग म्हणाला जरा थांबावं, आणि बिडी शिलगावली. उस्ताद दारात आला, ओरडला, धावला. ट्रकवाल्याला त्यानं बाजूला ढकललं आणि बॅटरी फुटली ती उस्तादाच्या तोंडावर. महांतप्पानं बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, पण डावा डोळा गेला तो गेलाच. ट्रकवाला धडधाकट घरी गेला. त्या दिवसापासून महांतप्पा कुठल्याही बंद झाकणाजवळ थांबत नाही. प्रेशर कुकर लावला की तो अंगणात जाऊन बसतो. खोटं वाटत असेल तर शांताक्काला विचारा.

उस्तादाकडून भीती मिळाली तशी एक गोष्टही मिळाली होती, आणि ती महांतप्पा फार रंगवून सांगायचा. पेट्रोलच्या गाड्या चालू लागायच्या आधीपासून विलायतेत आणि अमेरिकेत मोटारी बॅटरीवर चालायच्या. सीटखाली शिशाच्या बॅटऱ्यांची रांग. ना धूर, ना वास, ना फटफट. पेट्रोलच्या गाडीला समोरून लोखंडी हँडल मारावं लागे, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडे. म्हणून मोठ्या घरच्या बायका बॅटरीची गाडी घेत, टोपी घालून एकट्याच फिरायला निघत. मग कुणीतरी डोकं चालवलं. पेट्रोलच्या गाडीतच एक बॅटरी आणि छोटी मोटर बसवली, बटण दाबलं की इंजिन सुरू. झालं! हँडल गेलं, पेट्रोल स्वस्त झालं, आणि बॅटरीची गाडी अडगळीत पडली. "बॅटरीनंच बॅटरीच्या गाडीचा गळा कापला," असं म्हणून महांतप्पा मांडीवर थाप मारायचा.

या गोष्टीत एक बारकावा होता, तो उस्तादानं त्याच्या उस्तादाकडून ऐकलेला. त्या जुन्या गाड्यांत सीटखालच्या पेटीला भोकं ठेवत. हवा खेळती राहायला. नाहीतर बाईसाहेब सीटसकट आभाळात. उस्ताद हे सांगताना आपल्या गेलेल्या डोळ्यावर बोट ठेवायचा.

आता ही गोष्ट घरात सगळ्यात जास्त कुणी ऐकली असेल तर सुनेनं. हर्षाली तिचं नाव. बारावी शिकलेली, बोलायला फटकळ, आणि भीती हा शब्द तिच्या पाटीवर कुणी लिहिलाच नव्हता. नवरा शरणप्पा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सासऱ्याला ती घरातल्या सगळ्यांसारखं आप्पाच म्हणायची. संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसली की म्हणायची, "आप्पा, त्या टोपीवाल्या बायकांचं सांगा की." एकदा तिनं मोबाईलवर शोधून त्या गाड्यांचे फोटो काढले. खरंच निघालं सगळं. उंच टपाची, घोडागाडीसारखी मोटार, आत हॅट घातलेली बाई, हातात स्टिअरिंगच्या जागी एक दांडा. हर्षालीनं तो फोटो सगळ्या गल्लीला दाखवला. "बघा, शंभर वर्षांमागं बाया चालवत हुत्या. आन् हितं माझ्या हातात गाडी बघून लोकांच्या पोटात दुखतंय."

कारण तोपर्यंत तिचं ठरलं होतं. माकणीच्या पोरी लोहाऱ्याच्या शाळेला जायच्या त्या जीपमधून, दारूड्यांच्या आणि शेळ्यांच्या गर्दीत. हर्षालीनं माहेरच्या पाटल्या मोडल्या आणि बॅटरीवरची रिक्षा घेतली. फक्त पोरींसाठी. महांतप्पाला कळलं तेव्हा त्यानं तोंडातला घास तसाच ठेवला. गोष्ट सांगणं वेगळं आणि गोष्ट अंगणात येऊन उभी राहणं वेगळं.

रिक्षा ताब्यात घ्यायला तोही शोरूमला गेला. हर्षाली चाकाखाली लिंबू ठेवण्यात, हळदीकुंकू लावण्यात गुंग होती. शोरूममधला पोरगा माहिती सांगत होता, ती महांतप्पा एकटा कान टवकारून ऐकत होता. लिथियमची बॅटरी, म्हातारबा. पाणी टाकायचं नाही, ॲसिड नाही, उघडायचीच नाही. आणि जाता जाता तो म्हणाला, "कधी फुगली, हात लावल्यावर चटका बसला, किंवा गोडसर वास आला, तर काही बघत बसू नका. लांब पळायचं."

महांतप्पाच्या अंगावर काटा आला. गोड वास! आयुष्यभर त्यानं ॲसिडचा वास घेतलेला. नाकाला झोंबणारा, कुजक्या अंड्यासारखा, पण ओळखीचा. वाघ गुरगुरतो तोपर्यंत बरा असतो. गोड वासाच्या वस्तूवर माणसानं भरवसा ठेवावा कसा?

घरी आल्यावर त्यानं सीट उचलून बॅटरी बघितली. काळा पत्र्याचा डबा, चारी बाजूंनी बंद. झाकण नाही, नळी नाही, फट नाही. कडेला कंपनीचं सील. आणि त्याच्यावर पोरी बसणार. म्हातारा मागं सरकला. हर्षालीनं ते बघितलं आणि हसत हसतच पण निक्षून सांगितलं, "आप्पा, ह्या बॅटरीला तुमी हात लावायचा न्हाय. बसवण्णाची आण घ्या."

त्यानं आण घेतली.

पुढचे काही महिने म्हाताऱ्यानं स्वतःच्या जिवाला घोर लावून घेतला आणि तिच्याही. रिक्षात तो कधी बसला नाही. पहाटेची जीप धरून दुकानाला जायचा आणि तिथून फोन लावायचा. "बॅटरीला हात लावून बघितलास का? वास घेतलास का?" रिक्षा चार्जला लावली की तो अंगणात खुर्ची टाकून, दोन हात लांब बसायचा. एकदा शेजारणीनं जिलेबी तळली तर हा "पळा, पळा" म्हणत घरी आलेल्या पाहुण्यांसकट सगळ्यांना घराबाहेर काढून मोकळा झाला. गल्ली आठवडाभर हसली. हर्षालीही हसली, मग कंटाळली, मग त्याचा फोन वाजला की "व्हय आप्पा, बघितली आप्पा" म्हणून ठेवून द्यायला लागली. लांडगा आला रे आला, अशातली गत. तिचं तरी काय चुकलं?

पोळ्यानंतर तिच्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले म्हणून हर्षाली दिवसभर येडशीला गेली. शांताक्का रानात. घरात महांतप्पा आणि ती रिक्षा. त्यानं सकाळपासून स्वतःला आवरलं. भर दुपारी त्यानं सीट उचलली आणि त्याला वाटलं, डबा किंचित फुगलाय. फुगला नव्हता. उन्हाची तिरीप पडली होती. पण भ्यालेल्या डोळ्याला जे दिसतं ते दिसतंच. त्याला उस्तादाचा चेहरा दिसला, आणि त्याच जागी शेजारच्या रामकिसनच्या पोरीचा, वैष्णवीचा चेहरा दिसला. ती रोज त्या सीटवर अगदी मधोमध बसायची.

आणि मग त्यानं ठरवलं. जुन्या गाड्या बनवणारे काय येडे होते? त्यांनी पेटीला भोकं ठेवली होती. नव्यांना उस्ताद भेटला नसेल, म्हणून राहिली. आपण ठेवू. सेलला धक्का लागू द्यायचा नाही, नुसत्या वरच्या पत्र्याला. हातानं फिरवायच्या गिरमिटानं त्यानं डब्याच्या मागच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशी, दोन भोकं पाडली. मुंग्या जाऊ नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा डकवला. बाहेर पडलेला लोखंडाचा कीस फडक्यानं पुसला. आत पडला तो त्याला दिसलाच नाही.

त्या दिवशी म्हाताऱ्याला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. त्यानं फोन करायचंही सोडलं. शांताक्का म्हणाली, "आता कसं शाणं झालात." हर्षालीनं त्याला आवडतात म्हणून धपाटे केले. तिला वाटलं, आप्पाचा भरवसा बसला एकदाचा. तो मान खाली घालून जेवला. आण मोडल्याचं त्याला टोचत होतं, पण भीतीपुढं ते टोचणं किरकोळ होतं.

खंडेनवमी आली. या दिवशी आमच्याकडं ज्याचं पोट ज्या हत्यारावर, ते हत्यार तो धुतो आणि पुजतो. महांतप्पानं दुकानातल्या पकडी, पाने, ग्रॅव्हिटीची नळी घरी आणून पाटावर मांडली. तो हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात आला आणि जागच्या जागी थिजला.

हर्षालीनं रिक्षा अंगणात काढली होती. साडीचा पदर खोचलेला, हातात पाण्याच्या मोटारीचा पाइप. मागची सीट उचलून बाजूला ठेवलेली. पोरींनी तिथं चिंचोके, पेन्सिलीचे तुकडे, गोळ्यांचे कागद कोंबलेले असायचे. ते सगळं ती पाण्याच्या जोरानं बाहेर काढत होती. धार सरळ डब्यावर. डब्याच्या पुढं, वर, आणि मग मागं.

डबा कंपनीनं बंद केला होता तो पाणी आत जाऊ नये यासाठीच! एरवी त्याला पावसानं काही केलं नव्हतं, धारेनं काही केलं नसतं. महांतप्पाला हे त्या क्षणी कळलं, आणि त्याचं तोंड उघडलं.

"काय वो आप्पा?" हर्षालीनं वळून विचारलं. "आज तरी भिऊ नगा. सण हाय. म्याच धुतीय, तुमाला कुठं शिवायला लावलंय?"

किती आनंदात होती ती. गळ्यात झेंडूची माळ, रिक्षाला बांधायला आणलेली. आजूबाजूला गल्लीतल्या बाया. आता सांगायचं? या सगळ्यांसमोर? की म्या आण मोडली, तुझ्या पाटल्यांच्या गाडीला भोकं पाडली? म्हाताऱ्याचं तोंड मिटलं. मच्छरदाणी होती की भोकांवर, त्यानं मनाला समजावलं. पाणी आत गेलं नसेल. गेलं असेल तर थेंब. ऊन पडलंय, वाळेल.

संध्याकाळी रिक्षा चार्जला लागली आणि त्याची खुर्ची पुन्हा अंगणात आली. या वेळी त्याला खरोखरच भिण्यासारखं कारण होतं, आणि या वेळी त्याला ते कुणाला सांगता येत नव्हतं. त्यानं डब्याला हात लावला. गार. वास घेतला. झेंडूचा. शांताक्का दारातून म्हणाली, "झालं का सुरू पुन्हा?"

दसऱ्याला हर्षालीनं आपट्याची पानं त्याच्या हातावर ठेवली आणि वाकून पाया पडली. "सोनं घ्या आप्पा. सोन्यासारखं ऱ्हावा." तेव्हाही सांगता आलं असतं. घरात तिघंच होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. उद्या सांगू, तो मनात म्हणाला. सणाच्या दिवशी नको.

उद्याला शाळा होती. पोरींची सहामाही सुरू व्हायची होती. महांतप्पा पहाटेच्या जीपनं निघाला, कारण ती उठल्यावर तिच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची छाती नव्हती. दुकानातून फोन करून सांगू, फोनवर तोंड दिसत नाही. दुकान उघडलं, उदबत्ती बाहेर रस्त्यावर लावली. मोबाईल हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. एक ट्रॅक्टरवाला आला त्याच्याशी बोलत बसला. असा वेळ काढता काढता फोन वाजला, तो तिचाच.

"आप्पा, एक इचारायचं हुतं. चार्जिंगचा काटा भलताच खाली आलाय. परवाच तर पूर्ण भरलं हुतं. लोहाऱ्यापस्तोर यील का?"

महांतप्पा उभा राहिला. "कुठं हायस तू?"

"मदल्या वस्तीवर थांबलीय. एक पोरगी यायची ऱ्हायलीय. ती आली की निघाले." मागं पोरींचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी पाढे म्हणत होतं. "आन् ह्या बयांनी आज काय अत्तर फासलंय कुणास ठाऊक, गाडीत कसला गोड गोड वास सुटलाय."

म्हाताऱ्यानं मोबाईल कानाशी घट्ट धरला. "पोरींला खाली उतरव. हर्षाली, आत्ताच्या आत्ता उतरव!"

पलीकडून उसासा आला. "आप्पा..."

"गाडी फुटंल! पळा लांब!"

"आप्पा, जिलेबीच्या टायमाला बी असंच केलंत. पेपर हाय वो पोरींचा. शाळंत सोडते, मग काय बघायचं ते बघू. ही बघा, आलीच ती. ठिवते."

"ठिवू नगंस!" असा आवाज त्याच्या तोंडून आयुष्यात निघाला नव्हता. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला अरफात धावत बाहेर आला. "ठिवू नगंस पोरी. ऐक. म्या भोकं पाडलीत. डब्याला. तू येडशीला गेलती तवा. दोन भोकं. तू पाणी मारलंस ते आत गेलंय. म्या पाडलीत, हर्षाली, म्या!"

पलीकडं पाढे चालू होते. मग हर्षाली किंचाळली, "उतरा! सगळ्या उतरा! दप्तरं ऱ्हाऊ द्या, वैष्णवी, पळ!" आणि फोन तुटला.

त्यानं पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. अरफातनं मोटारसायकलला किक मारलेलीच होती. "बैठो चाचा." महांतप्पा मागं बसला, दुकान उघडंच टाकून. वाटेत त्याला देव आठवेना, नाव आठवेना. सोयाबीन काढलेली रानं दोन्ही बाजूंनी मागं पळत होती आणि तो नुसतं "चल, चल" म्हणत अरफातच्या सदऱ्याला लोंबकळत होता. मग वळणापुढं त्यांना धूर दिसला. काळा नव्हता. पांढरा, दाट, जमिनीलगत सरपटत येणारा. महांतप्पानं डोळे मिटले. बघायचं नव्हतं त्याला. ज्याच्या भीतीनं सगळा जन्म काढला ते समोर होतं आणि त्याला ते बघायचं नव्हतं.

"चाचा," अरफात म्हणाला, "बच्च्यां दिखते. वो देखो, खेत में."

पोरी रानात होत्या. बांधाच्या पलीकडं, एकमेकींना चिकटून, निळ्या गणवेशातल्या. हर्षाली त्यांच्यापुढं दोन्ही हात पसरून उभी होती, कोंबडी पिलांपुढं राहते तशी. रस्त्यावर रिक्षा जळत होती. सीटखालून फुसकारे मारत जाळ निघत होता, थांबत होता, पुन्हा निघत होता. ज्या सीटवर पोरी मधोमध बसायच्या ती सीट नव्हतीच आता.

महांतप्पा रस्त्यातच बसला. त्यानं पोरी मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकीचा गुडघा फुटला होता, बाकी सगळ्या नीट होत्या.

वस्तीवरची, माकणीची माणसं जमली. मोबाईल निघाले. वैष्णवीचा बाप रामकिसन गाडी टाकून पळत आला, पोरीला उराशी धरलं, तिच्याकडून फोनचं ऐकलं आणि मग लोकांकडं वळला. "बघा रे! आप्पा पहिल्या दिसापासनं सांगत हुते. आमी हसलो त्यांला. आज आप्पाच्या फोनपायी पोरी वाचल्या." त्यानं महांतप्पाचे पाय धरले. दुसरा एक म्हणाला, असल्या बॅटरीच्या गाड्याच नकोत गावात. तिसरा म्हणाला, बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. सगळ्यांनी मान डोलावली. हर्षाली लांब उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं फक्त सासऱ्याकडं बघितलं.

ते बघणं महांतप्पाला जाळापेक्षा जड गेलं. त्यानं रामकिसनचे हात पायांवरून काढले. "रामकिसन, गाडी चांगली हुती. तिनं बी काय केलं न्हाय. डब्याला भोकं म्या पाडली. तिला न सांगता. त्यातनं पाणी गेलं."

रामकिसनला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं आता बसणार. पण पोरगी कमरेला बिलगलेली होती. त्यानं हात खाली घेतला, पोरीला उचललं आणि बाजूला गेला.

तेवढ्यात लोहाऱ्याला जाणारी जीप आली. हर्षालीनं ती अडवली, आतल्या बाप्यांना उतरवलं आणि पोरींना बसवलं. "दप्तर गेलं म्हणून रडू नगा. बाईंला म्या फोन करते. पेन शाळंत मिळंल. जावा." जीप गेली. लोकही हळूहळू पांगले. अरफात मोटारसायकल घेऊन जरा लांब जाऊन उभा राहिला. रस्त्यावर सून आणि सासरा उरले.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हाताला भाजलं होतं, मनगटापासून वर लाल झालं होतं. त्याला ते विचारायचं होतं, पण तिनंच आधी विचारलं.

"पाणी मारत हुते तवा तुमी दारातच हुता न्हवं आप्पा?"

"व्हय."

"तवा का न्हाय बोललात? काल का न्हाय? म्या पाया पडले काल तुमच्या."

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "भ्यालो."

"बॅटरीला?"

"न्हाय. तुला."

हर्षालीचा आवाज फुटला, आणि तो आवाज रागाचा नव्हता, म्हणून त्याला जास्त लागला.

"म्या काय केलं असतं वो आप्पा? बोलले असते. चार घरात ऐकू जाईल असं बोलले असते. दोन दिस तुमाला वाढताना तोंड फिरवलं असतं. तिसऱ्या दिशी धपाटे केलेच असते की." ती थांबली, तिनं जळत्या रिक्षाकडं बोट केलं. "एवढंच झालं असतं. आन् एवढ्यासाठी तुमी वैष्णवीला त्या सीटवर बसू दिलंत."

ती तिथंच, त्याच्यापासून हातभर अंतरावर, रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायचं त्याला धाडस झालं नाही.